यंत्र विकत घ्यावे की बनवावे?

गेल्या उन्हाळ्यात एका शाळेचे विज्ञानशिक्षक माझ्या महालातल्या घरी आले होते. त्यांच्या शाळेला प्रयोगशाळेसाठी अनुदान मिळणार होते. खिशातून सामानाची यादी काढून ते म्हणाले, "सर, संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारे एक यंत्र घ्यायचे आहे. तुमच्याकडे तसे आहे असे समजले. कोणत्या कंपनीचे घेऊ?"

मी म्हणालो, "कोणत्याच कंपनीचे घेऊ नका. सुटे भाग आणा आणि यंत्र मुलांकडून बनवून घ्या."

ते हसले. त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. मग चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि माझे म्हणणे त्यांना नीट समजावून सांगायचे राहूनच गेले. ते आज येथे मांडतो. कारण हा प्रश्न त्या एका शाळेपुरता नाही. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ साली सुरू झाली आणि त्यात निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरवण्यात आले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमधून पाच वर्षांत अशा आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे पुष्कळ गुरुजींच्या खिशात आज अशी यादी असणार.

मागे एका शाळेत व्याख्यानाला गेलो असताना मी एक यंत्र पाहिले होते. छान कापडी आच्छादन घातलेले, काचेच्या कपाटाशेजारी ठेवलेले. उद्‌घाटनाच्या दिवशी त्यावर शाळेचे बोधचिन्ह कोरले होते. दोन महिन्यांनी त्याचा कसलासा लहान भाग निकामी झाला. उघडून पाहायची कोणाची छाती झाली नाही, कारण उघडले आणि आणखी काही बिघडले तर जबाबदारी कोणाची? तेव्हापासून ते झाकलेलेच होते. मुलांना विचारले, "आत काय आहे?" उत्तर आले, "माहीत नाही सर, महाग आहे."

विद्यार्थी मित्रांनो, यंत्राविषयी मुलांना एवढेच ठाऊक असावे, हे मला पटत नाही. माझे म्हणणे पटवून देण्यासाठी मी माझ्याच यंत्राची हकिकत सांगतो. ती बहुतेक चुकांचीच हकिकत आहे.

यंत्र आहे तरी काय?

प्लायवूडवर सनमायका चिकटवल्यावर त्याच्या कडा तासायला सुतार एक लहान हातयंत्र वापरतात. त्याला ते ट्रिमर म्हणतात. त्याचा मोठा भाऊ म्हणजे राउटर. एका मोटरला दांडीसारखे पाते बसवलेले असते. ते मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि लाकडात खाच पाडते. सुतार हे यंत्र दोन्ही हातांनी धरून चालवतो. आता कल्पना करा, की हात काढून घेतले आणि त्यांच्या जागी तीन मळसूत्रे बसवली. एक यंत्राला डावीउजवीकडे नेते, दुसरे पुढेमागे आणि तिसरे वरखाली. प्रत्येक मळसूत्र एक मोटर फिरवते आणि मोटरांना हुकूम संगणक देतो. यालाच सीएनसी राउटर म्हणतात. सीएनसी म्हणजे संगणकाने अंकांच्या आधारे चालवलेले.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे बनवताना जॉन पार्सन्स यांना वक्र आकार अचूक कापण्याची अडचण पडली. वक्रावरचे पुष्कळ बिंदू गणिताने काढावेत आणि यंत्राने ते एकेक गाठावेत, असे त्यांना सुचले. त्यातून मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत, म्हणजे एमआयटीत, अंकांवर चालणारे पहिले कापणारे यंत्र तयार झाले आणि १९५२ साली ते लोकांना दाखवण्यात आले. त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून, आणि त्याचा 'मेंदू' निर्वात नळ्यांचा होता.

आज तो मेंदू तळहातावर मावतो. इटलीत २००५ साली आर्डुइनो नावाची स्वस्त पाटी निघाली. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये या पाटीवर चालणारी 'ग्रबल' ही आज्ञावली लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या चिपवर ती चालते. मीही तीच वापरतो. ही पाटी, मोटरा आणि वीजपुरवठ्याचा संच मी सीताबर्डीहून आणला. लोखंडी दंड आणि पट्ट्या इतवारीच्या लोहाओळीतून आणल्या. ट्रिमर आमच्या शेजारच्या सुतारमिस्त्रींनी जुना दिला. सगळे मिळून सुमारे २५,००० रुपये आणि एका वर्षाचे रविवार खर्ची पडले.

यंत्राला हुकूम द्यायचा तो असा: 'सरळ रेषेत जा, एक्स ४०, वाय ३०, वेग ६००.' म्हणजे जिथे आहेस तिथून ४० मिलिमीटर उजवीकडे आणि ३० मिलिमीटर पुढे असलेल्या बिंदूवर मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने जा. पायथागोरस तुमच्या ओळखीचा आहेच. तिरके अंतर ५० मिलिमीटर. वेग सेकंदाला १० मिलिमीटर, म्हणून वेळ ५ सेकंद. एवढ्या वेळात एका मोटरने ४० आणि दुसरीने ३० मिलिमीटर जायचे आहे. दोघींनी ४:३ हे प्रमाण वाटेत क्षणभरही सोडले, तर रेषा वाकडी येईल. नववीच्या गणितातला हा हिशेब यंत्र सेकंदाला हजारदा करत असते.

पाच सहस्रांशांची फुशारकी

आता अचूकतेकडे वळू. माझ्या यंत्रातल्या मोटरा स्टेपर जातीच्या, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या आहेत. एका फेऱ्यात २०० पावले, म्हणजे एका पावलाला १.८ अंश. मोटर चालवणारे मंडल या प्रत्येक पावलाचे आणखी ८ भाग करते. झाली १,६०० सूक्ष्म पावले. मळसूत्राचा एक फेरा झाला की नट ८ मिलिमीटर सरकते. ८ ला १,६०० ने भागा. उत्तर येते ०.००५ मिलिमीटर.

तुमच्या शाळेतल्या स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असते. माझे घरचे यंत्र त्याच्याही निम्म्यावर! पहिल्या दिवशी मी घरात सर्वांना हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. त्यानंतरचे सहा महिने हा आकडा किती पोकळ आहे, हे शिकण्यात गेले.

पहिली चूक तर माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला न शोभणारी होती. वर सांगितलेला ८ मिलिमीटरचा आकडा मला तेव्हा ठाऊकच नव्हता. मी व्हर्नियरने मळसूत्राचे दोन शेजारचे आटे मोजले. अंतर आले २ मिलिमीटर. म्हणून एका फेऱ्यात नट २ मिलिमीटर सरकेल, असे धरून मी यंत्राला आकडे भरले आणि हुकूम दिला, '१०० मिलिमीटर जा.' कमान निघाली ती थांबेचना! शेवटी जाऊन चौकटीवर धाडकन आदळली. आई आतून धावत आली.

झाले होते असे, की त्या मळसूत्रावर एक नव्हे, तर चार स्वतंत्र आटे वेणीच्या पेडांसारखे शेजारी शेजारी गुंफलेले होते. दोन शेजारच्या आट्यांतले अंतर २ मिलिमीटरच, पण कोणताही एक आटा धरून पूर्ण फेरा मारला तर तुम्ही ८ मिलिमीटर पुढे जाता. १०० सांगितल्यावर यंत्र ४०० जायला निघाले, ते यामुळे. एक आटा पेनाने रंगवून बोटाने फिरवत नेला असता, तर दोन मिनिटांत कळले असते. तयार यंत्र घेतले असते, तर हा आकडा आधीच भरलेला असता आणि मळसूत्राकडे मी कधी निरखून पाहिलेही नसते.

गुण्यालाच आधी विचारा

त्यानंतर मी पात्याच्या जागी एक साधे पेन बसवले आणि यंत्राकडून कागदावर एक आयत काढून घेतला. लांबी २४०, रुंदी १८० मिलिमीटर. बाजू मोजल्या, बरोबर होत्या. मी खूश झालो. मग कर्ण मोजले. दोन्ही ३०० मिलिमीटर हवेत. एक आला ३०१, दुसरा २९९.

म्हणजे ज्याला मी आयत समजत होतो, तो समांतरभुज चौकोन होता. हिशेब करून पाहा: वरची बाजू १.२५ मिलिमीटर एका अंगाला सरकली होती. कोनात सांगायचे तर काटकोन ०.४ अंशाने चुकला होता. नुसत्या डोळ्याला हे कधीच दिसले नसते. कर्णांनी मात्र १.२५ ची चूक २ मिलिमीटरची करून दाखवली. सुतार आणि गवंडी चौकटीचे कर्ण का मोजतात, ते त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने कळले.

पण काटकोन चुकला कसा? कमान तर मी गुण्या लावूनच बसवली होती. शेजारचे मिस्त्री ओसरीवर बसून हे सारे पाहात होते. ते म्हणाले, "सर, गुण्यालाच आधी विचारा जी." त्यांनी एका फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ ओढली. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढली. गुण्या खरा असता, तर दुसरी रेघ पहिलीवर पडली असती. वरच्या टोकाला दोन रेघांत चांगले अडीच मिलिमीटरचे अंतर पडले. पालथे घातल्याने चूक दुप्पट होऊन समोर आली होती. तिची निम्मी म्हणजे सव्वा. माझ्या आयताची चूक तीच!

हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. गुण्याची चूक शोधायला मिस्त्रींनी त्याच्याहून चांगला गुण्या आणला नाही. त्याच गुण्याकडून त्यांनी त्याची चूक वदवून घेतली.

यंत्रांचा सारा इतिहासच असा घडला आहे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले यांनी १८०० च्या सुमारास मळसूत्रे कापणारा लेथ तयार केला. त्यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी अगदी सपाट पृष्ठे बनवण्याची रीत १८४० मध्ये जाहीरपणे मांडली. ती अशी, की लोखंडाच्या दोन पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहूनही त्या जुळू शकतात. म्हणून पाट्या तीन घ्या आणि प्रत्येक जोडी जुळेपर्यंत तासत राहा. पहिली फुगीर असेल, तर तिच्याशी जुळणाऱ्या दुसरी आणि तिसरी या दोन्ही खोलगट असणार. मग त्या दोघी एकमेकींशी कशा जुळतील? तिन्ही जोड्या जुळल्या, की तिन्ही पाट्या सपाटच असल्या पाहिजेत. अधिक सपाट असे काही हाताशी नसताना सपाटपणा निर्माण झाला! पहिले अचूक यंत्र कोणी कोठून विकत आणले नव्हते. कमी अचूक यंत्रांतून ते डोके चालवून काढले गेले.

वर्तुळाने सांगितलेली गोष्ट

गुण्या बदलला, कमान पुन्हा बसवली आणि कर्ण जुळले. आता वर्तुळ काढून पाहिले. ते दिसायला गोल होते, पण उजव्या, डाव्या, वरच्या आणि खालच्या अशा चार टोकांना किंचित चपटे झाले होते.

याचे कारण तुम्हाला शोधता येईल का? त्या चार ठिकाणी दोनपैकी एक मळसूत्र आपली फिरण्याची दिशा बदलते. नट आणि आटे यांच्यात थोडी सैल जागा असते. दिशा बदलली, की मळसूत्र आधी ती सैल जागा भरून काढते आणि मगच नट सरकते. तेवढा वेळ पेन त्या दिशेत जागचे हलत नाही. माझ्या यंत्रात हा ढिलेपणा ०.३ मिलिमीटर होता. पाच सहस्रांशांच्या त्या फुशारकीच्या ६० पट!

महाविद्यालयात मी वीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो, की सरकत्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत वाचने घ्या. तेही ही सूचना इमानाने वहीत उतरवतात. का, असे विचारले तर पाठ केलेले एक वाक्य म्हणून दाखवतात. चपटे वर्तुळ ज्याने स्वतः काढले आणि नटाला स्प्रिंग लावून ज्याने ते गोल केले, त्याला हे वाक्य पाठ करावे लागणार नाही.

पुढचे धडे थोडक्यात सांगतो. कमानीचे १२ मिलिमीटर जाडीचे दंड पात्याच्या दाबाने वाकत होते. त्याच लांबीचे १६ मिलिमीटरचे बसवले. दंडाचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जाडी एक-तृतीयांशाने वाढवल्यावर ताठरपणा तिपटीहून अधिक झाला. मे महिन्यात यंत्राची खोली डिसेंबरच्या पहाटेपेक्षा सहज २५ अंशांनी तापते. पोलाद दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे १२ पट वाढते. ४०० मिलिमीटरचे मळसूत्र यामुळे ०.१२ मिलिमीटरने लांबते. पावसाळ्यात तर प्लायवूडचा पाया फुगला आणि पुन्हा कर्ण बिघडले. शेवटी पाया लोखंडाचा केला. आज माझ्या यंत्राची चूक साधारण ०.२ मिलिमीटर आहे. लघुतम माप मात्र अजूनही तेच, ०.००५. लघुतम माप आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातही असते. पण ते माझ्या अंगवळणी पडले ते यंत्रामुळे.

आणि एक चूक अशी, की तिने मला खऱ्या अर्थाने वरमायला लावले. एका परिचितांच्या नव्या घरासाठी मी सागवानाच्या फळीवर नावाची पाटी कोरायला घेतली. घाई होती म्हणून यंत्राचा वेग दुप्पट आणि त्वरण चौपट करून ठेवले. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. तरीही माझ्या मोटरेला एवढे बल झेपेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. निम्मी अक्षरे झाल्यावर मोटर एके ठिकाणी अडखळली. तिची काही पावले हुकली आणि पुढची सारी अक्षरे ४ मिलिमीटर सरकून कोरली गेली. यंत्राला त्याचा पत्ताच नव्हता! हुकूम दिला म्हणजे पाऊल पडलेच, असे ते धरून चालते. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांत मोटर खरोखर किती फिरली याचा उलट निरोप मिळण्याची सोय असते. माझ्या यंत्रात ती नाही. फळी वाया गेली आणि तिची किंमत मी भरून दिली.

आक्षेप आणि उत्तरे

गुरुजी यावर तीन आक्षेप घेतील, आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला वेळेचा. अभ्यासक्रम संपवायचा, परीक्षा घ्यायच्या, त्यात वर्षभर यंत्र कोण बांधत बसणार? यावर माझे उत्तर असे, की यंत्र बांधणे हा वेगळा विषय समजू नये. पायथागोरस, मापनातील त्रुटी, उष्णतेने होणारे प्रसरण, न्यूटनचा दुसरा नियम, चुंबक आणि विद्युतधारा हे सारे वर येऊन गेलेच. अभ्यासक्रमच यंत्रावर शिकवता येतो. आपल्याच राज्यात याचा दाखला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हर कंपनीतले संशोधनाचे काम सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करत शिकणे, हे तिथले सूत्र. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती ही कामे करता करता मुले त्यामागचे विज्ञान शिकू लागली. पुढे एमआयटीच्या प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ साली तिथे फॅब लॅब उभी राहिली. अशा प्रयोगशाळा आज जगभर आहेत, आणि एमआयटीबाहेरची अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा म्हणून पाबळचे नाव घेतले जाते. ज्या गावाने आधी हातांनी बनवायचे शिकवले, तिथे ही नवी यंत्रे सहज रुजली, याचे मला नवल वाटत नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. माझा ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ५००. ६ मिलिमीटर जाडीच्या पात्याची धार त्या वेळी ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने जात असते. पाते तुटले तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. एम.डी.एफ.ची बारीक भुकटी फुफ्फुसांना घातक असते. शिवाय नवशिक्याची बुद्धी येथे उलटी चालते. सावकाश कापले म्हणजे सुरक्षित, असे त्याला वाटते. पात्याला दोन धारा असतील तर सेकंदाला १,००० काप होतात. यंत्र सेकंदाला २५ मिलिमीटर सरकले, तर प्रत्येक काप ०.०२५ मिलिमीटरचा पडतो. तेच फक्त २ मिलिमीटर सरकले, तर काप इतका पातळ होतो, की धार लाकूड कापण्याऐवजी नुसती घासते. लाकूड काळे पडते, धूर येतो आणि पाते तापून बोथट होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे: आधी पेन, मग पाते. शाळेने यंत्र बांधावे, पण पहिले पूर्ण सत्र त्याला फक्त पेन लावावे. पेनाने कोणाला इजा होत नाही आणि चूक झाली तर एक कागद वाया जातो. यंत्राने तीन परीक्षा द्याव्यात: सांगितलेली लांबी, आयताचे दोन कर्ण आणि वर्तुळ. प्रत्येक परीक्षेत किती चूक आली आणि ती कशी सुधारली, हे मुलांनी एका वहीत तारीखवार लिहावे. तिन्हींत चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली, की मगच पाते. तेही चष्मा, धूळ ओढणारा पंखा, नीट जोडलेले अर्थिंग आणि हाताशी एक मोठे लाल बंद-बटण असेल तर, आणि शिक्षक समोर उभे असतील तरच. एखाद्या शाळेला पात्यापर्यंत जायचे नसेल, तर माझ्या मते तिचे फारसे काही बिघडत नाही. नव्वद टक्के शिक्षण पेनातच होऊन जाते.

तिसरा आक्षेप कारागिरांचा. अशी यंत्रे घरोघरी झाली, तर हाताने कोरणाऱ्यांनी काय करायचे? महालात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या चितारओळीत आजही मूर्तिकार नजरेने माप घेऊन मूर्तीचा चेहरा घडवतात. मी खोटा दिलासा देणार नाही. नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्याच्या जाळ्या आता ठिकठिकाणी यंत्रावरच कापल्या जातात, आणि हातकामाचा तेवढा घास गेला आहे. पण गेल्या तान्ह्या पोळ्याला मुलीसाठी लाकडी बैल करायचा ठरला, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. यंत्राने पाय, शिंगे आणि अंगाचे चपटे तुकडे झटपट कापून दिले. वशिंड मात्र त्याच्याकडून साधेना. माझ्या यंत्राचे पाते वरून खाली उतरते, बाजूने आत शिरत नाही. मिस्त्रींनी पटाशी घेतली आणि पंधरा मिनिटांत वशिंड काढले. एके ठिकाणी त्यांनी पटाशी उलट्या दिशेने धरली. मी कारण विचारले. ते म्हणाले, "इथं लाकडाची रेघ वळली आहे. सरळ मारली तर ढलपी निघते. तुमचं यंत्र लाकडाकडे पाहात नाही जी."

लाकडाकडे पाहणाऱ्या त्या माणसाला शाळेत मानाने बोलवावे, असे मला वाटते. अनुदानाच्या यादीत यंत्राच्या किमतीतून जे पैसे वाचतील, त्यांतून आठवड्यातून दोन तास एखाद्या सुताराला किंवा लेथवर काम करणाऱ्या कारागिराला मानधन द्यावे. गुण्याची चूक मला एम.एस्सी.च्या पुस्तकाने दाखवली नव्हती, हे लक्षात असू द्या.

आजच करून पाहा

तयार यंत्र माझ्या यंत्रापेक्षा सुबक दिसेल, अधिक वेगाने चालेल आणि पहिल्याच दिवशी बोधचिन्ह कोरून देईल, हे मला मान्य आहे. कारखान्याला तेच हवे. शाळेला मात्र असे यंत्र हवे, जे बिघडल्यावर मुले न घाबरता पेचकस घेऊन बसतील, कारण त्यातला प्रत्येक नट त्यांनीच आवळलेला आहे.

आणि यंत्र यायची वाट पाहात बसू नका. आज घरी गेल्यावर आपल्या कंपासपेटीतला गुण्या काढा. कोऱ्या कागदावर पट्टीने एक सरळ रेघ ओढा. तिच्यावर एक बिंदू घेऊन गुण्याने लंब काढा. गुण्या पालथा करा आणि त्याच बिंदूवर पुन्हा लंब काढा. दोन रेघा एक झाल्या, तर तुमचा गुण्या खरा. नसतील, तर वरच्या टोकाला त्यांच्यातले अंतर मोजा आणि त्याला दोनाने भागा. ते उत्तर आणि आजची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उद्या वर्गातल्या सर्वांचे गुण्ये तपासा आणि कोणाचा किती चुकतो, याची यादी गुरुजींना दाखवा. तुमच्या यंत्राचे काम तिथूनच सुरू होईल.